गाळाचं वय

सोलापूर,
२० नोव्हेंबर १९७७

ती. सौ. अक्कास,
विरुपाक्षचे शरणु.

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस की मामंजी पारावर सांगतात, सुनेचा भाऊ मिलमध्ये केमिस्ट आहे. मग लोक विचारतात, म्हणजे औषधं विकतो काय? आणि त्यांना पुढं बोलता येत नाही. त्यांच्या शब्दावर मिलच्या मॅनेजर आबासाहेबांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा त्यांना तरी नीट माहीत हवं. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या मिलच्या रंगाई खात्यातून रोज रंगाचं, सोड्याचं घाण पाणी निघतं. ते ओढ्यात सोडायच्या आधी स्वच्छ करायचं, हे माझं काम. त्यासाठी एक टाकी आहे. वीस मीटर लांब, दहा रुंद, तीन खोल. तिच्यात तपकिरी गाळ असतो आणि तो गाळ जिवंत असतो, अक्का. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव त्यात राहतात आणि पाण्यातली घाण खातात. त्यांना हवा मिळावी म्हणून दोन मोठे पंखे दिवसरात्र पाणी घुसळतात. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी ओढ्याला जातं. बसलेला गाळ परत पहिल्या टाकीत आणायचा आणि जास्तीचा वाफ्यांवर पसरून वाळवायचा.

यातला मुख्य हिशेब एकच. हे जीव टाकीत किती दिवस राहतात? अक्कलकोटच्या धर्मशाळेत अठराशे माणसं आहेत आणि रोज नव्वद जातात, नव्वद नवी येतात असं धर. मग एक माणूस सरासरी किती दिवस राहिला? वीस. तसंच हे. टाकीत गाळ अठराशे किलो. रोज ऐंशी किलो वाफ्यांवर, दहाएक किलो निवळीबरोबर, एकूण नव्वद बाहेर. अठराशे भागिले नव्वद, वीस दिवस. याला आम्ही गाळाचं वय म्हणतो. रंग खाणारे जीव फार सावकाश वाढतात. वय कमी झालं तर त्यांची पैदास व्हायच्या आतच ते बाहेर फेकले जातात आणि पाणी तसंच घाण पुढं जातं. म्हणून वीस सांभाळायचे.

पंपघराच्या मागं मला एक खोली दिली आहे. दिवाळीला आलो नाही म्हणून रागावू नकोस. रजा मागितली तर आबासाहेब म्हणाले, "टाकी जिवंत आहे ना? मग तिला रजा कुठली, आणि तुला तरी कुठली?" बदली माणूस अजून नेमलेला नाही. माझी पदवीची मूळ कागदपत्रं त्यांनी ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतली आहेत. इथं तशीच रीत आहे म्हणतात. तासाभराच्या वाटेवर तू आहेस आणि मी फाटकाबाहेर पडून महिना झाला.

दाजींना नमस्कार. मुक्ताला गोड पापा.

तुझा,
विरुपाक्ष


माळवस्ती, होटगी
२ डिसेंबर १९७७

चि. तम्मास,
शिवबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र मी दोनदा वाचलं आनि मामंजींना एकदा वाचून दावलं. धर्मशाळेचं त्यांना लगेच उमगलं. आता पारावर बसून सगळ्यांना गाळाचं वय सांगत्यात. लोक म्हंत्यात, आधी आपलं वय सांगा की!

हितं समदं बरं हाय. तुजे दाजी रेल्वेच्या गँगवर सकाळी सातला जात्यात ते दिवस मावळता येत्यात. सासूबाईंचे गुडघे दुखत्यात. मुक्ता चार वर्षांची झाली पर अजून बोबडं बोलती. वस्तीतल्या पोरांसंगं ओढा वलांडून बालवाडीला जाती.

म्हैस मातर लई नखरे करायला लागलीया. ओढ्यावर न्ह्यावी तर कदी पानी पिती, कदी त्वांड फिरवून उबी राहती. आठवड्यातनं एखाददिशी पानी शेणकाल्यागत दाट येतंय आनि कुजल्याला वास सुटतोय. वरच्या अंगाला कुनी तरी काय तरी सोडत आसंल.

तू जेवनाची आबाळ करू नगं. नोकरी नीट कर. मामंजींनी शब्द टाकलाय, ते ध्येनात असू दे. या घरात माजी मान त्या शब्दावर जरा वर हाय.

तुजी अक्का


सोलापूर,
१५ जानेवारी १९७८

ती. सौ. अक्कास,
शरणु.

काल संक्रांत. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली तेव्हा हलग्यांचा आवाज भिंतीवरून आत येत होता. मी टाकीच्या कठड्यावर उभा राहून ऐकला. गड्ड्याच्या जत्रेला जायला तासभर मागितला होता. मिळाला नाही.

पण मी लिहितोय ते दुसऱ्याच कारणानं. माझा हिशेब बसत नाही. मी रोज बाटलीभर पाणी काढतो, कागदातून गाळतो, भट्टीत वाळवतो आणि तराजूवर तोलतो. नोव्हेंबरात लिटरमागं तीन ग्रॅम गाळ भरायचा. आता एक पूर्णांक सात भरतो. म्हणजे टाकीत अठराशेच्या जागी हजार-वीस किलो. रजिस्टरात मात्र रोज बाहेर जाणारा गाळ तेवढाच, नव्वद. खाणं तेवढंच येतं, बाहेर तेवढंच जातं, मग आठशे किलो गेले कुठं? आधी वाटलं तराजू बिघडला. दुसऱ्या खात्याच्या तराजूवर तोललं, तरी तेच. वाटलं कागद नीट वाळत नाही. बारा दिवस रोज तीन-तीनदा करून बघितलं. अक्का, मी नागपूरला दोन महिने या कामाचं प्रशिक्षण घेऊन काय शिकलो, असं वाटायला लागलंय. निवळीला लाल झाक येते आहे.

आबासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तपासणीला येणारे साहेब रजिस्टरात वीस बघतात. तू वीस लिही. तुझा तराजू सुधारेल तेव्हा सुधारेल." मी वीस लिहिले आणि सही केली. चूक माझीच असणार, ती सापडेपर्यंत निदान पान कोरं नको, असं मनाला समजावलं.

म्हैस वयात आली की नखरे करतेच. तिला दोन दिवस विहिरीचं पाणी पाज.

विरुपाक्ष


माळवस्ती,
२४ जानेवारी १९७८

चि. तम्मास,
आशीर्वाद.

तू हुशार हाईस पर सरळ गोष्ट तुला दिसंना. लगीन झाल्यावर पयल्या वर्षी हितं दुधाचा मेळ लागत न्हवता. म्हैस तेवढंच देती, घरात तेवढंच लागतंय, आनि डेअरीला कमी भरतंय. सासूबाईंनी माज्यावर आळ घेतला. मी म्हनलं, माप खोटं न्हाय, म्हंजे कुनी तरी काढतंय. आट दिवस गोठ्यात पाळत ठेवली तवा गडी सापडला. तुजा तराजू बी खोटा न्हाय. कुनी तरी काढतंय.

आनि आनखी ऐक. तू म्हशीचं हसण्यावारी न्हेलंस. मी पयल्या तारखेपास्नं चुलीमागं भिताडावर कोळशानं रेघा वडल्यात. पानी दाट आलं की रेघ. एक, पाच, आट, बारा, पंधरा, एकोनीस, बावीस. समदे रविवार नायतर गुरवार, तम्मा. सकाळी भाकरी थापायच्या येळंला वास सुटतोय. हिशेब तुला येतोय, जुळवून बग.

मुक्ताला थोडं दिवस मैंदर्गीला चुलतसासूकडं ठिवलीया. हितं थंडी लई पडलीया म्हनून. काळजी करू नगं.

अक्का


सोलापूर,
६ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. अक्कास,

तुझ्या रेघा माझ्या वहीशी जुळल्या. ज्या दिवशी तुझी रेघ, त्या दिवशी माझं वजन खाली. एकही चुकली नाही.

काल रविवार. उजाडायच्या सुमाराला मी गाळाच्या टाकीमागं जाऊन उभा राहिलो. आमचे पंपवाले संगप्पा आले, पन्नाशीचे आहेत, मला आपल्या डब्यातली भाकरी देतात. त्यांनी वाकून खालचा व्हॉल्व फिरवायला घेतला. मी पुढं झालो.

"काका, हे काय करताय?"

ते दचकले नाहीत. म्हणाले, "तुमास्नी ठावं न्हाय व्हय? मला वाटलं तुमीच लिवून देताय." मग हळूच म्हणाले, "वाफ्यात दगडी कोळसा टाकलाय दसऱ्यापास्नं. गाळ वाळवायचा कुटं? साहेबांचा हुकूम हाय, गुरवार-रविवार ओढ्याला सोडायचा. टाकीतला गाळ हलका झाला की एकच पंखा पुरतो, ईज वाचती."

मी वाफे बघून आलो. गाळाचा एक थेंब तिथं गेलेला नाही. माझ्या रजिस्टरातले रोजचे ऐंशी किलो हे कुणीतरी मला कागदावर लिहून पाठवलेले नुसते आकडे होते. मी खरा हिशेब मांडला. एका खेपेला पावणेचारशे किलो, आठवड्यात दोन खेपा, म्हणजे दिवसाला एकशे सात. निवळीतले दहा मिळवले तर एकशे सतरा. टाकीत हजार-वीस. भागून बघ. पुरते नऊ दिवससुद्धा येत नाहीत. मी वीस लिहीत होतो.

तसाच आबासाहेबांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. मग रजिस्टर काढून माझ्यापुढं ठेवलं.

"वीस कुणी लिहिले?"

"तुम्ही सांगितलं म्हणून मी."

"मी सांगितलं हे कुठं लिहिलंय? पानं उलट. सही कुणाची आहे?"

सगळ्या पानांवर माझीच सही आहे, अक्का. शेवटी म्हणाले, "तुझे कागद कपाटात सुखरूप आहेत. रुद्रप्पांच्या सुनेचा भाऊ म्हणून आणलंय तुला. त्यांना मान खाली घालायला लावू नकोस." चहा मला संपवावा लागला.

बाहेर पडावं तर कागद नाहीत. बोलावं तर खोटं लिहिणारा मीच. आजही मी वीस लिहून आलो. तू एवढं कर, म्हशीला ओढ्यावर नेऊ नकोस आणि घरात ते पाणी कशालाच वापरू नकोस. दुसरं काय सांगू?

विरुपाक्ष


माळवस्ती,
१९ मार्च १९७८

विरुपाक्षास,

उत्तराला उशीर झाला. मुक्ता मैंदर्गीला न्हवती. मी तुला खोटं लिवलं.

संक्रांतीच्या आदीपास्नं तिच्या पायांवर फोड उठलं हुतं. ओढ्यातनं येनाऱ्या-जानाऱ्या समद्याच पोरांना उठलं, पर हिचं चिघळलं. तुला कळलं तर तू काम टाकून पळत येशील आनि मामंजींचा शब्द जाईल, म्हनून लपवलं. फेब्रुवारीत ताप डोक्यात चढला. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस हुतो. डॉक्टरीन बाईंनी इचारलं, "पोरगी कुठल्या पाण्यात खेळते?" मी काय सांगू? तुजं पत्र पिशवीत हुतं.

सातव्या दिशी तिला वळखच पटंना. तवा मी तुज्या फाटकावर आले. शिपाई म्हनला, केमिस्ट साहेब ड्युटीवर हाईत, भेट न्हाय. मी म्हनलं, बहीन हाय मी. तो म्हनला, नियम सगळ्यांना एकच. घटकाभर हुबी राहिले आनि परत गेले.

पोरगी वाचली. केस समदे काढले, डाव्या पायानं अजून लंगडती. आता भाकरी मागून खाती.

तुजं ते पत्र मी लई येळा वाचलं. म्हशीला पानी पाजू नगं म्हनून तू मला कळवलंस. ओढ्याच्या काठाला चाळीस घरं हाईत, तम्मा. बाकीच्या एकोनचाळीस घरांला कुनी सांगायचं? तू त्येंच्यासाटनं एक वळ बी लिवली न्हाईस. म्हनून काल मी देवळाच्या पायरीवर बायांना बसवलं आनि तुजं पत्र मोठ्यानं वाचलं. तुज्या सहीसकट. मामंजी उटून आत गेले. त्येंनी माज्या हातचं पानी घेनं बंद केलंय.

तू काय करावंस ते मी सांगत न्हाय. मी काय केलं ते सांगितलं.

शिवबाई


सोलापूर,
२ एप्रिल १९७८

ती. सौ. अक्कास,

तू फाटकावर आलीस ते मला कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी मी पन्नास पावलांवर बाटल्या धूत असणार.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी वीस लिहिलेले नाहीत. त्या दिवशीच्या रकान्यात नऊ लिहिले. मग मागं जाऊन जानेवारीपर्यंतच्या प्रत्येक पानावर वीस खोडून खरा आकडा घातला आणि शेजारी पुन्हा सही केली. माझ्या वहीची सगळी वजनं उतरवून काढली. संगप्पांना विचारलं, साक्ष द्याल का? ते म्हणाले, "माजी तीन पोरं याच मिलमदी हाईत, मालक." मी पुन्हा विचारलं नाही.

काल पुण्याच्या तपासणी खात्याला सगळं रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. वरती लिहिलं की खोटे आकडे माझ्या हातचे आहेत. दुपारी आबासाहेबांच्या टेबलावर त्याची नक्कल ठेवली. त्यांनी वाचली आणि शिपायाला हाक मारली. दोन तासांत मी फाटकाबाहेर होतो, ट्रंकेसकट. कागदपत्रं मागितली तर म्हणाले, "कसले कागद?"

साखर पेठेत एका विणकरांच्या माडीवर जागा मिळाली आहे. बाहेर आल्यावर मोकळं वाटेल असं समजत होतो. तसं काही वाटत नाही. रस्त्यावर उभा राहिलो आणि कुठं जायचं तेच सुचेना.

मुक्ताला बघायला येऊ का? मामंजी दारात उभं करतील का?

विरुपाक्ष


माळवस्ती,
२४ सप्टेंबर १९७८

चि. तम्मास,
आशीर्वाद.

त्या दिशी तू दारातनंच परत गेलास ते मला अजून सलतंय. मुक्ता इचारती, मामा आत का आला न्हाय?

हितली बातमी तुला कळलीच आसंल. पुन्याचे साहेब येऊन गेले, रंगाई खातं तीन आटवडे बंद हुतं. वस्तीतले पाच गडी तितं कामाला हुते, त्येंच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली. त्या बाया आता माज्याशी बोलत न्हाईत. ज्येंच्या पोरांचे फोड वाळले त्या बोलत्यात, पर हळूच, कुनी बगत न्हाय असं बगून. पानी आता बरं येतंय. वाफ्यातला कोळसा काडला म्हनं.

आनि काल मला कोर्टाचं समन्स आलं. फिर्याद दोगांवर हाय, आबासाहेबावर आनि तुज्यावर. मी सरकारी साक्षीदार. तुज्या इरुद्द! ते ६ फेब्रुवारीचं पत्र घेऊन या, असं त्यात लिवलंय. देवळाच्या पायरीवर वाचल्यालं कुनी तरी पुन्याच्या साहेबांला सांगितलं. सरकारी वकील घरी येऊन गेले. ते म्हनले, मिलवाले सांगत्यात की केमिस्टानं आपल्या मनानं खोटं लिवलं आनि पकडला जाईल म्हनून एप्रिलात आबासाहेबांचं नाव घेतलं. हुकूम आधीचा हाय हे दावायला त्या पत्रावरचा टपालाचा शिक्का येवढाच पुरावा. मी इचारलं, आनि माज्या भावाचं काय? ते म्हनले, बाई, त्या पत्रानं हे बी दिसतं की त्येला फेब्रुवारीत कळलं आनि त्येनं दीड महिना तसंच लिवलं.

तुजे दाजी म्हंत्यात, चुलीत घाल, हरवलं म्हनून सांग. मामंजी सा महिन्यांनी माज्याशी बोलले. म्हनले, "पोरी, भावाला तुरुंगात घालनारी बहीन या घरात नगं." न्हाय दिलं तर आबासाहेब सुटतो आनि समदं तुज्या एकट्याच्या डोक्यावर. दिलं तर तू माज्या हातनं जातोस. मी काय करू? पत्र डब्यात तांदळाखाली ठिवलंय. डबा उगडायचं भ्या वाटतंय. लवकर लिव.

अक्का


सोलापूर,
१ ऑक्टोबर १९७८

ती. सौ. अक्कास,
शरणु.

इथं बरा आहे. माडीच्या खालच्या मालकांकडं चादरीच्या मागावर हिशेब ठेवतो. मालकीणबाई तेलुगूत काहीतरी बोलतात आणि ताटात भात वाढतात. कागदांशिवाय दुसरीकडं कुणी उभं करत नाही.

पत्र दे, अक्का.

मी वकिलांना भेटलो. सहा महिने होतील म्हणतात, कदाचित दंडावर भागेल, कदाचित नाही. तू चूल आणि कोर्ट यांच्यामध्ये अडकून पडलीस ती माझ्यामुळं. मी ते पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वीस लिहिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ते दीड महिन्यांचे आकडे माझेच आहेत. मुक्ता दवाखान्यात होती ते अकरा दिवसही त्यातच येतात. मी रोज मोजून बघितलंय. ते कुणी माझ्या खात्यातून खोडलेले मला नको आहेत.

मामंजींना सांग, बहिणीनं घातलं नाही, मीच आत गेलो. ते तुझ्याशी बोलले हे वाचून मला बरं वाटलं, बोलणं कसलंही असो.

तारीख सोळा, सोमवार. सकाळची साडेसातची एस.टी. धर म्हणजे वेळेत पोचशील. दाजींना सुट्टी नाही मिळाली तर शेजारच्या गोजरबाईंना सोबत घे, एकटी येऊ नकोस. मी आधीच आत बसलेलो असेन, डाव्या हाताला, कठड्याच्या आत. माझ्याकडं बघू नकोस, बघितलंस तर तुझ्यानं बोलवणार नाही. जज्जसाहेबांकडं बघून बोल. विचारतील तेवढंच सांग, पण सगळं सांग.

पुकारा तुझ्या सासरच्या नावानं होईल. लक्ष ठेव, आणि ऐकू आलं की लगेच ऊठ.

तुझा,
विरुपाक्ष